दोन्ही डोळे उघडे

फोटो काढण्यापूर्वी दत्तोपंत टेंभुर्णीकर गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारत. "काय राहू द्यायचं?" गिऱ्हाईक बहुधा गोंधळून जाई. मान वर करा, हलू नका, इकडे बघा, असे फोटोवाल्याने सांगायचे असते. त्याने विचारायचे नसते. काही जण हातातल्या छत्रीकडे पाहत आणि ती बाजूला ठेवू लागत. मग पंत म्हणत, "छत्रीचं न्हाई म्हणत मी. तुमच्या तोंडावरचं काय राहू द्यायचं?"

त्या वर्षांत मी जालन्याच्या मस्तगड भागात, त्यांच्या दुकानाच्या माडीवर राहत होतो. हैदराबाद संस्थानाबाहेर निघणाऱ्या एका साप्ताहिकाला जालन्याची बातमीपत्रे पाठवणे हे माझे काम होते. सरकीचे भाव, पाण्याची टंचाई, कोणाची बदली, कोणाची अटक. त्यातले बरेचसे छापले जात नसे आणि छापले गेले तर अंक जालन्यात येत नसे. सकाळी पत्र टपालात टाकले की मी खाली दुकानात येऊन बसे. पुढे लिहिले आहे त्यातले काही मी तिथे बसून पाहिले, काही पंतांनी सांगितले. ज्या बाईंची ही हकीकत आहे त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, त्यांच्यामागे कोणी नाही, गावातले त्यांचे घरही उरलेले नाही. म्हणून हे लिहिता येते.

पंतांचा हा प्रश्न पहिल्यापासूनचा नव्हता. मी राहायला आलो तेव्हा ते कोणालाच काही विचारत नसत.

तेव्हा दुकानात एक रंगवलेला पडदा होता. त्यावर संगमरवरी पायऱ्या, तळे आणि तळ्यात दोन हंस होते. पडद्यापुढे कोरीव पाठीची एक खुर्ची होती. खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असे. तो पाठीत वरपासून खालपर्यंत उसवलेला होता आणि त्याला नाड्या लावल्या होत्या. माणूस जाड असो की बारीक, कोट पुढून अंगाला बरोबर बसे. आठवडी बाजाराला आलेली खेड्यातली माणसे धोतरावर हा कोट चढवून, हंसांकडे पाठ करून बसत. महिन्याभराने फोटो न्यायला येत आणि त्यात स्वतःला पाहून खूश होत.

खूश होण्याचे कारण मात्र कोट नव्हता, पंतांची पेन्सिल होती. फोटोची काच, म्हणजे काळ्याचे पांढरे दाखवणारी निगेटिव्ह, धुऊन वाळली की तिच्यावर ते एक पातळ लेप देत. मग उत्तरेच्या खिडकीपाशी, खालून आरशाने उजेड पाडलेल्या लाकडी चौकटीत ती काच ठेवून बसत. पेन्सिलीचे टोक सुईसारखे असे. त्या टोकाने ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, काळे डाग, डोळ्यांखालची वर्तुळे भरून काढत. जिथे पेन्सिल चालत नसे तिथे एक बारीक चाकू होता. त्याने काचेवरचा थर खरवडत. शेजारचे शिंपी म्हणत, "देवानं घाई केली आसंल तर पंतांकडं जावं."

एकदा तहसीलचे एक अंमलदार फोटो न्यायला आले. फोटो उलटसुलट करून त्यांनी विचारले, "पंत, पेट थोडा कम नहीं हो सकता?"

"होतंय की साहेब," पंत म्हणाले. "पोट मी कमी करतो. बटणं तुटू नयेत हे मात्र तुम्ही सांभाळा."

साहेब हसले. पोट कमी झाले. चाकूच्या त्या कामाचे पंतांना कौतुक होते. ती काच त्यांनी मला उजेडात धरून दाखवली होती.

ते या धंद्यात कसे आले हे त्यांनी मला एकदाच सांगितले. टेंभुर्णीला लहानपणी त्यांना देवी आल्या. वाचले, पण चेहरा वणांनी भरून गेला. घरात आरसा होता, तो वडिलांच्या दाढीचा. त्यात ते बघत नसत. अठराव्या वर्षी नोकरीच्या शोधात हैदराबादला गेले. गावाकडचा एक जण तिथे एका मोठ्या फोटोच्या दुकानात झाडलोट करी. त्याला भेटायला गेले असता कोणी मोठे गिऱ्हाईक यायचे होते आणि उजेड तपासायला खुर्चीत कोणालातरी बसवायचे होते. यांना बसवले. ती काच टाकूनच द्यायची होती. पण तिथे फोटोतले वण, डाग काढण्याचे काम करणारे एक वृद्ध उस्ताद होते. त्यांनी हात चालवायला म्हणून ती घेतली.

"दुसऱ्या दिवशी मित्राला भेटायला परत गेल्तो," पंत म्हणाले. "उस्तादांनी फोटो हातात दिला. मी विचारलं, हा कोण? ते म्हणले, तूच. मी म्हणलो, मी असा न्हाई. तर म्हणले, देवी आल्या नसत्या तर असाच राहिला असतास. मंग बसलो तिथंच. उठलोच न्हाई म्हणा की."

सहा वर्षे ते उस्तादांच्या हाताखाली होते. उस्ताद दोन गोष्टी सारख्या सांगत. चेहरा नही, रोशनी दुरुस्त करो. आणि पेन्सिल माफ करती है, चाकू नही. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनने पुसता येते. चाकूने एकदा खरवडले की काचेवरचे तेवढे गेले. पंत ही वाक्ये उस्तादांच्या आवाजात म्हणून दाखवत. स्वतःचा तो पहिला फोटो त्यांनी दुकानात दर्शनी भिंतीवर लावला होता. त्याखाली ते स्वतः बसत. गिऱ्हाईक वर बघे, खाली बघे आणि काय ते समजे. वेगळ्या पाटीची गरज नव्हती.

आता त्या फोटोविषयी, ज्याच्यामुळे हे सगळे बदलले.

जिवंतपणी फोटो काढलेला नसला तर माणूस गेल्यावर तो काढून घेण्याची तेव्हा पद्धत होती. आंघोळ घालून, धुतलेला सदरा चढवून त्याला खुर्चीत बसवत, पाठीमागून फळीचा आधार देत. असा फोटो सगळ्यांत स्पष्ट येतो, कारण समोरचा हलत नाही. घरच्यांची मागणी असे की माणूस मेलेला दिसू नये. त्यासाठी काचेवर चाकूने बुबुळे खरवडून, पेन्सिलीने पांढरे भरून मिटलेले डोळे उघडे करावे लागत. हे काम जालन्यात पंतांशिवाय कोणाला येत नव्हते.

भगवान हा वाटूर गावचा मुलगा. इथल्या एका जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलण्याच्या कामावर होता. वय असेल वीस-बावीस. त्याला विषमज्वर झाला. आई केसरबाई गावाहून येऊन जिनामागच्या खोलीत राहिली. पंधरवडाभर तिने त्याची शुश्रूषा केली, पण तो वाचला नाही. नवरा आधीच गेलेला, मूल हे एकच. मुकादम पंतांना बोलवायला आला. पंत तिपाई आणि पेटी घेऊन गेले, अंगणात फोटो काढला आणि परत आले. त्याच दिवशी कुंडलिकेच्या काठी अंत्यविधी झाला.

काच खिडकीपाशी आली. भगवानच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. पंतांनी ते काढले. वण काढणे हे त्यांच्या लेखी वेगळे कामच नव्हते. काच धुणे, वाळवणे, तशीच ती एक पायरी होती. डाव्या पापणीखाली खड्डा होता. दुखण्याने डोळा बसला असेल असे समजून त्यांनी तो भरला. मग दोन्ही डोळे उघडले. डोळ्यांना तेज यावे म्हणून बुबुळात पांढरा ठिपका ठेवला. हे सगळे त्यांनी नंतर मला त्याच क्रमाने सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "आई खोलीतच होती. मी तिला एक शब्द विचारला न्हाई."

केसरबाई काही आठवड्यांनी फोटो न्यायला आली तेव्हा मी दुकानात होतो. सोबत मुकादम होता. उंच, सडसडीत बाई. पंतांनी फोटो तिच्या हाती दिला आणि कौतुकाची वाट पाहत उभे राहिले.

तिने तो बराच वेळ पाहिला.

"फोटू चांगला हाय," ती म्हणाली. "पन ह्यो माझा न्हाई."

मुकादम म्हणाला, "आसं काय करता मावशी? सदरा बघा की. तोच हाय."

"सदरा त्याचाच हाय. तोंड त्याचं न्हाई. माझ्या लेकाचा डावा डोळा देवीत गेल्ता. तोंडावर तीळ ठिवायला जागा नव्हती इतके वण होते." तिने पंतांकडे पाहिले. "हे दोन डोळे कुठून आले?"

पंतांच्या डोक्यावर तो त्यांचा स्वच्छ चेहऱ्याचा फोटो होता आणि खाली त्यांचा वणांचा चेहरा. ते म्हणाले, "क्यामेऱ्यात जसा आला तसा आलाय, बाई."

"यंत्राला आसा दिसला?"

"हो."

"दुसरा न्हाई का एखादा?"

"न्हाई."

"मंग हाच द्या," ती म्हणाली. फोटो पदरात गुंडाळून ती मुकादमाच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवशी पंतांनी दुकान लवकर बंद केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच काढून टर्पेंटाइनने पुसली आणि एक प्रत काढली. वण परत आले, पण अर्धेच; चाकू लागला होता तिथे काही आले नाही. पापणीखालचा खड्डा परत आला आणि त्या खड्ड्यात चाकूने केलेला डोळा टक लावून बघत होता. ती प्रत त्यांनी मला दाखवली. मी ती फार वेळ पाहू शकलो नाही. मुलगा जाळला होता. त्याचा खरा चेहरा जगात फक्त त्या काचेवर उरला होता, आणि तो आता तिथेही नव्हता.

भिंतीवरचा स्वतःचा फोटो त्यांनी उतरवला. त्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन बरीच वर्षे होता. पुढे हंसांचा पडदा गुंडाळला गेला आणि कोट शेजारच्या शिंप्यांना गेला. त्यांनी त्यातून लहान मुलांची दोन जाकिटे शिवली. चाकूला पंतांनी पुन्हा हात लावला नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही एका फोटोवाल्याची लहर वाटली. त्यांचे फोटो आता वेगळे दिसू लागले. माणूस खिडकीच्या उजेडात, चुन्याच्या भिंतीसमोर, स्वतःच्या कपड्यांत बसलेला असे. आधी ते त्याच्याशी बराच वेळ बोलत. फोटो कधी काढला हे अनेकांना कळतही नसे. आणि त्याआधी तो प्रश्न. प्रश्नाची सवय व्हायला जालन्याला वेळ लागला. सरकीचे एक म्हातारे व्यापारी विचार करून म्हणाले, "दात राहू द्या. एकच उरलाय, त्याला कशाला घालवता?" एका पैलवानाने मोडलेला कान पुढे केला. बांगड्या भरणाऱ्या एका बाईने तोंडाचे काय वाटेल ते करा, पण हात यायला पाहिजेत, असे सांगितले. ते हात मी पाहिले आहेत, काचेने चिरलेले, मांडीवर एकावर एक ठेवलेले. जालन्यात काढलेला इतका चांगला फोटो मी दुसरा पाहिला नाही.

बहुतेकांना मात्र असे फोटो नको होते. दुसरा एक फोटोवाला मोठ्या रस्त्यावर आला होता, त्याच्याकडे गर्दी होऊ लागली. शिंपी आता म्हणत, "पंतांकडं जायचं तर घरून आरसा बघून जावं. तिथं जाऊन धक्का नको." पंतांच्या पत्नी माई आतून ऐकत असत. त्या म्हणत, "अहो, तुमच्या असल्या फोटोनं गावात कोणाचं लग्न जमायचं न्हाई." पंत म्हणत, "आपलं तर फोटोशिवाय जमलं." माई म्हणत, "फोटो बघितला असता तर जमलं नसतं." आणि दोघे हसत.

पेन्सिल त्यांनी टाकली, असे जे लोक म्हणत ते खरे नव्हते. एक कारकून आपल्या मुलीला घेऊन आले होते. सोयरिकीसाठी फोटो परगावी पाठवायचा होता. मुलीच्या गालांवर वण होते. वडील म्हणाले, "पंत, तेवढं साफ करून द्या."

पंतांनी मुलीला विचारले, "बाळ, काय राहू द्यायचं?"

तिने खाली बघत सांगितले, "वण काढा."

"मुलाकडच्यांना ठाऊक हाय का?"

"त्यांना ठाऊक हाय," ती म्हणाली. "असा फोटो मला पाहिजे."

पंतांनी खिडकीपाशी बसून ते काम केले. नंतर मला म्हणाले, "पुसायला माझी ना न्हाई. विचारल्याबिगर पुसायला हाय."

या सगळ्याला लोक पंतांचे तत्त्व म्हणू लागले होते. एका मुलाखतीवजा मजकुरात मीही तसे लिहिणार होतो. पंतांनी नको म्हटले. "तत्त्व कशाचं? चोर सापडल्यावर हात बांधून हिंडतो, तसं हाय ते."

केसरबाईला जाऊन खरे सांगायचे, हे ते पहिल्या वर्षापासून म्हणत होते. वर्ष उलटायच्या आत वाटूरची एक बातमी आली आणि ते आणखी अवघड झाले. मुकादम सांगत आला, "पंत, तुमच्या फोटूचं लई नाव झालं. पोरगं जाताना देवीनं त्याचा डोळा परत केला म्हन्तेत. यंत्राला दिसला म्हंजी खोटं कसं आसंल? बाया फोटूला हळदीकुंकू लावायला येऊन राह्यल्या."

पंतांनी विचारले, "अन् ती बाई काय म्हणती?"

"ती काय म्हनती. बसती गप."

दर वर्षी कधीतरी पंत जायचे ठरवत. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जात आणि परत येत. एकदा मी त्यांना जरा तोडूनच विचारले, की खरे सांगायला माणसाला इतकी वर्षे का लागावीत. ते म्हणाले, "खरं सांगायला काही लागत न्हाई. मी खोटं बोललो, हे सांगायला लागतं." पत्र लिहा म्हटले, तर म्हणाले, "तिला वाचता येत न्हाई. दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, म्हंजे मी गावाला सांगून मोकळा झालो आणि ती राहिली गावात." रिकाम्या हाताने जायचे नाही, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. मुलाचा चेहरा आपण घालवला, तो परत नेऊन द्यायचा आणि मग तोंड उघडायचे.

तो मिळाला पुष्कळ वर्षांनी. खंडेनवमीला जिनातल्या यंत्रांची पूजा होई. एका वर्षी कोणा फिरत्या फोटोवाल्याने सगळ्या कामगारांचा यंत्रापुढे फोटो काढला होता. तो कचेरीच्या कपाटामागे पडलेला सापडला. भगवानचा दुसरा फोटो शोधण्याचा पंतांचा ध्यास मुकादमाला ठाऊक होता. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हते, आठवण म्हणून असेल अशी त्याची समजूत होती. त्याने फोटो आणून दिला. मागच्या रांगेत, अगदी कडेला भगवान उभा होता. टोपी तिरकी, तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढे. पंतांनी फोटोवरून फोटो काढला, तो वाढवला, पुन्हा काढला. रवाळ आला, पण आला. वण होते. डावा डोळा मिटल्यासारखा होता. उजव्या डोळ्याने तो फोटोवाल्याकडे थोडे संशयाने बघत होता. त्या काचेवर पंतांनी पेन्सिल टेकवली नाही.

"तुम्ही चला संगट," ते मला म्हणाले. "एकटा गेलो तर फाट्यावरूनच परत येईन."

पोलीस कारवाईच्या आदल्या वर्षाचा हिवाळा होता. संस्थानात पुढे काय होणार याची कोणालाच खात्री नव्हती. साप्ताहिकाने मला हैदराबादला बोलावले होते. गाडी जालन्यातच न धरता परतूरला जाऊन धरली, तर वाटेत वाटूर येते. मी सामान घेऊनच निघालो.

केसरबाईचे घर दोन खणांचे होते. ती दारात तुरीची डाळ पाखडत बसली होती. केस सगळे पिकले होते. पंतांना तिने ओळखले. "फोटूवाले ना तुमी?" तिने पाणी दिले आणि पुन्हा सुपापाशी बसली. आतल्या भिंतीवर फोटो होता. काचेच्या खालच्या कोपऱ्यावर कुंकवाचा जाड थर चढला होता. स्वच्छ चेहऱ्याचा, दोन तेजस्वी डोळ्यांचा तरुण तिथून आमच्याकडे बघत होता. काम अप्रतिम होते, हे मला मान्य करावे लागले.

पंतांनी टोपी काढून मांडीवर घेतली. "बाई, एक सांगायला आलोय. तवा मी खोटं बोललो. क्यामेऱ्यात तो असा आला नव्हता. वण मी काढले. डोळे मी केले. डावाबी मीच केला."

सूप थांबले नाही. "ठाऊक हाय," ती म्हणाली.

पंतांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले.

"त्याचे डोळे म्याच मिटले होते," ती म्हणाली. "मिटलेले डोळे यंत्राला उघडे कसे दिसतील?"

त्या दिवशी दुकानात आम्ही तिघे पुरुष होतो. आम्हाला हे सुचले नव्हते.

पंतांनी कागद सोडून नवा फोटो तिच्यापुढे धरला. तिने सूप खाली ठेवले, हात पदराला पुसले आणि फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली. आमच्याकडे तिची पाठ होती.

"ह्यो कुठं घावला?"

"जिनात. खंडेनवमीचा हाय."

"टोपी तिरपीच घालायचा," ती म्हणाली. थोड्या वेळाने ती परत आली आणि फोटो पंतांच्या हातात ठेवला. "ह्यो तुमच्यापाशी राहू द्या."

"बाई, हा खरा हाय."

"खरा हाय म्हनूनच. ह्यो माझ्या ध्यानात हाय, ह्याला भिंत कशाला लागती?" ती खाली बसली. "काणा काणा म्हनून गावानं त्याला जिनात धाडला. पोरगी कोनी दिली न्हाई. सकाळच्या पारी म्होरं आला तर बाया तोंड फिरवायच्या. आता त्याच बाया येतेत. त्याच्या म्होरं हात जोडतेत, लेकराच्या डोळ्याला आराम पडू दे म्हन्तेत. जोडू द्या."

पंत म्हणाले, "मी फार मोठी चूक केली, बाई."

"केली," ती म्हणाली. "मी तवाच म्हनले होते, ह्यो माझा न्हाई. तुमी हो म्हनायला पायजे होतं. मंग मी त्यो फोटू नेलाच नसता." तिने सूप उचलले. "आता तुमाला हलकं वाटावं म्हनून गावात बोलू नका. हितं कोनाला सांगितलं का?"

"न्हाई."

"सांगू नका."

आम्ही उठलो. ती निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही.

वाटूरच्या फाट्यावर लिंबाखाली आम्ही थांबलो. मला परतूरची मोटार धरायची होती, पंतांना उलट दिशेची जालन्याची. पंत फोटो परत गुंडाळत होते, पण कागद फाटला होता आणि वारा होता. गोणी घेऊन एक म्हातारा येऊन शेजारी टेकला. त्याने मान वाकडी करून फोटो पाहिला.

"बगू," तो म्हणाला. "ह्यो तर आमचा भगवान हाय की. केसरबाईचा."

"न्हाई," पंत म्हणाले.

"आवं, बराबर त्योच हाय. टोपी बगा, डोळा बगा."

"न्हाई बाबा. जालन्यातला दुसरा गडी हाय हा."

म्हाताऱ्याने पुन्हा पाहिले. भगवान लहान असताना त्याने त्याला पाहिले असणार, रोज पाहिले असणार. तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग त्याचे त्यालाच पटले.

"दुसराच आसंल," तो म्हणाला. "भगवानचे तर दोनी डोळे चांगले होते. फोटू हाय ना त्याचा आमच्या गावात."

परतूरची मोटार आली. मी सामान टपावर चढवले. पंतांचा निरोप घेताना काय बोललो ते आठवत नाही; महत्त्वाचे काही नसावे. त्यानंतर मला जालन्याला परतता आले नाही, आणि परतता आले तोपर्यंत पंत नव्हते. मोटार वळली तेव्हा मी मागे पाहिले. फोटो त्यांच्या मांडीवर पालथा होता. म्हातारा हातवारे करून काही सांगत होता, बहुधा देवीची ती हकीकत पहिल्यापासून, आणि दत्तोपंत मान हलवून त्याला हो म्हणत होते.